घट बसलेली गाडी

त्या दोघांना घर नव्हतं, असं देवासात अजून कोणी म्हणालं की माझं डोकं तापतं. घर होतं. पिवळ्या रंगाचं होतं, दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या, दाराला आतून कडी होती आणि सकाळी दारापुढे रांगोळी पडत होती. फक्त ते घर आज इथे, तर पुढच्या महिन्यात बागलीला असायचं. एवढ्या एका गोष्टीवरून माणसं दुसऱ्या माणसांना किती हलकं लेखू शकतात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला हे नीट मांडता येईल का, शंका आहे. शाळा हिंदीतून झाली, कॉलेजही हिंदीतूनच चालू आहे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळे लिहिलेलं कोणाला दाखवून घ्यावं तर तसं घरात कोणी नाही. मराठी आम्ही बोलतो, तीही निम्मी हिंदी मिसळून. आधी हिंदीतच लिहायला बसले होते, पण कागदावर उतरलेल्या त्या बाई मला ओळखू येईनात. म्हणून मराठीत लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्यांच्या यजमानांना काका. काकू शाळेत खेळाच्या बाई होत्या, काका सरकारी कचेरीत कारकून. बदल्यांमागे बदल्या होत दोघं आयुष्यभर धार, बागली, देवास असे फिरले आणि सरकारी क्वार्टरांमध्येच राहिले. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ज्यानं त्यानं विचारलं, आता घर कुठे बांधणार? काकूंनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली.

"आयुष्यभर खिळा ठोकायला साहेबाची परवानगी काढली," त्या म्हणायच्या. "आता जिथे खिळा ठोकीन, ती भिंत माझ्याबरोबर येईल."

ती बस घेऊन त्या पहिल्यांदा आमच्याकडेच आल्या. आमचे पूर्वज संस्थानाच्या पागेत खोगिरं शिवायचे म्हणे. बाबा गाड्यांच्या सिटा शिवतात. आमचं दुकान मराठी समाजाच्या सभागृहाच्या मैदानाला लागून आहे, मधे फक्त एक भिंत. बस रस्त्यातच आडवी उभी राहिली. पांढऱ्या केसांच्या, कुंकू लावलेल्या, पायात खेळाचे बूट घातलेल्या एक बाई उतरल्या. बाबा म्हणाले, "बाई, जरा ड्रायव्हरला बोलवा, गाडी मागे घ्यायला सांगतो."

काकू परत वर चढल्या. दुसऱ्या बाजूने धोतर-सदऱ्यातले एक बारकेसे गृहस्थ उतरले, गाडीच्या मागे गेले आणि गळ्यातली शिटी वाजवू लागले. शिटीच्या तालावर बस उलटी येत अगदी दुकानाच्या ओट्याला लागून थांबली. बाबांच्या दातांतला दोरा तसाच राहिला.

"सगळ्या सिटा काढून टाका भिया," काकू खिडकीतून म्हणाल्या. "ही एक राहू द्या."

त्या सिटेच्या पाठीवर शाळेच्या पोरांनी कर्कटकाने नावं कोरली होती. बाबा म्हणाले, फाटकी आहे, नवीन रेक्झिन चढवतो. काकू म्हणाल्या, "नको. हे जुने भाडेकरू आहेत, त्यांना काढता येत नाही."

माळव्यात पुरुषमाणसाला भिया म्हणतात, म्हणजे भाऊ. काकू सगळ्यांनाच भिया म्हणायच्या. ट्रॅफिकचा हवालदार भिया, दूधवाला भिया, सभागृहाचे अध्यक्ष भिया आणि मीसुद्धा भिया. "काय गं भिया, पेपर कसा गेला?" आधी मला हसू यायचं, मग सवय झाली. आता दुसऱ्या कोणी मला नावाने हाक मारली तरी काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

त्यांच्या काही रीती ठरलेल्या होत्या. गाडी थांबवली की आधी एका पसरट पातेल्यात पाणी घेऊन ते गाडीच्या मधोमध ठेवायच्या. पाणी ज्या बाजूला कलेल, तिकडच्या चाकाखाली फळी सरकवायची. पाणी सरळ झालं की मगच शेगडी पेटायची. "चूल कलली की आधी भात कलतो, मग नवरा," असं म्हणून काकांकडे बघायच्या. निघताना ती जागा पूर्ण झाडायच्या, रांगोळीसुद्धा पुसायच्या. आपण इथे होतो हे जमिनीला कळता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. कोणी विचारलं, "कहाँ से आए हो, माताजी?" तर म्हणायच्या, "पीछे से." "और जाओगे कहाँ?" "आगे." मोहनखेड्याच्या यात्रेकरूंच्या पार्किंगमध्ये एका गार्डने विचारलं, किती दिवस थांबणार? काकूंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "तू हा चहा रोज पिशील तितके दिवस." मोहनखेड्याचा मुक्काम मग बराच लांबला.

काकांचं सगळं उलटं. ते गाडीला कधी हात लावत नसत. गियरची त्यांना भीती वाटायची. मागे उभं राहून शिटी मारणं एवढंच त्यांचं काम. बोलायचे जुन्या पोथीसारखं. "आम्ही येते समयी पाऊस लागला" असं ते खरंच म्हणत. घराण्यातले थोरले, म्हणून कुळाचे देव त्यांच्याकडे. गाडी चालू असताना स्पंज लावलेल्या स्टीलच्या डब्यात देव ठेवून तो डबा मांडीवर घेऊन बसत. मागून कोणी कितीही हॉर्न दिले तरी काकू खड्ड्यात गाडी हळूच उतरवत. "मागच्या भियाला घाई आहे, पण माझ्या गाडीत देव बसलेत," म्हणायच्या.

काकूंचा स्वतःचा देवावर किती विश्वास होता, ते मला कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते देवाला विचार. पण ह्यांनी माझ्यासाठी चाकांवरचं घर पत्करलं. बोलले नाहीत, पण किती जड गेलं ते मला माहीत आहे. मी फक्त एक शब्द दिला, कुळाचारात कमी पडू देणार नाही. नवरात्रात नऊ दिवस गाडी हलणार नाही. एवढाच आमचा करार."

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मी त्यांच्याबरोबर पीपलरावांला गेले होते. ज्यांच्या विहिरीजवळ गाडी लावली होती, त्यांच्या घरी मुलीचं लग्न निघालं. घर पाहुण्यांनी इतकं भरलं की नवरीला साडी बदलायला जागा उरली नाही. काकूंनी तिला सरळ गाडीत आणलं. दिवसभर गाडीत बायकाच बायका. काका देवांचा डबा मांडीवर घेऊन आंब्याखाली बसून राहिले, त्यांना चहासुद्धा कोणी विचारला नाही, आणि ते चेहऱ्यावर अगदी समाधान ठेवून बसले होते. पाठवणीच्या आधी नवरी आणि तिची आई त्या कोरलेल्या नावांच्या सिटेवर बसून रडल्या. काकू बाहेर दाराशी उभ्या होत्या, कोणाला आत जाऊ देत नव्हत्या. संध्याकाळी नवरीची आजी आली. तिने गाडी आतून नीट बघितली आणि विचारलं, "थारो घर कठे है, बेन?"

"यही है, माँजी. जिसमें बैठी हो."

आजीने खिडकीतून बाहेर पाहिलं. गहू निघून गेलेलं शेत लांबवर पसरलं होतं. म्हणाली, "अच्छो है. आँगन बड़ो है थारो."

त्या शाळा न शिकलेल्या म्हातारीला एका नजरेत जे दिसलं, ते आमच्या शिकल्यासवरलेल्या लोकांना का दिसू नये? मला हेच समजत नाही.

कारण धारला काय झालं, तेही काकूंनी मला सांगितलं होतं. काकांच्या बहिणीकडे, म्हणजे काकूंच्या वन्संकडे, मुंज होती. गाडी गल्लीत लावली म्हणून आधी वन्संनी तोंड वाकडं केलं, शेजारी काय म्हणतील म्हणून. मग पंगतीत, सगळ्यांसमोर, काकांच्या पानात जिलेबी वाढता वाढता विचारलं, "दादा, उद्या काही बरंवाईट झालं तर तिरडी उठायची कुठून?"

"जिथे असू तिथून," काकूच म्हणाल्या. "चार माणसं लागतात, वन्सं. ती रस्त्यातसुद्धा मिळतात."

पंगत हसली. काका हसले नाहीत. जिलेबी तशीच ठेवून उठले. पानात टाकून उठणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं, म्हणून काकूंना तेवढं लागून राहिलं होतं.

मागच्या वर्षी नवरात्रासाठी ते देवासला आले. काकांची कुलदेवी तुळजाभवानी. आमच्या टेकरीवर तीच माताजी म्हणून बसली आहे, तिथे रोज पायी दर्शनाला जायचं आणि खाली गाडीत घट बसवायचे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. नवरात्रात देवासात गाडी उभी करायला जागा मिळणं अशक्य असतं, अर्धा माळवा टेकरीला येतो. म्हणून काका आधीच समाजाच्या अध्यक्षांना भेटून आले. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्याला दरबारात मान होता, हे ते समोरच्याला चहा यायच्या आत सांगतात. ते काकांना म्हणाले, "अहो, विचारता काय? आपलंच मैदान आहे. खुशाल या." मी स्वतः तिथे होते. समाजाच्या कार्यक्रमात खुर्च्यांना कपडे चढवण्याचं काम आमच्याकडे असतं, ते विचारायला गेले होते.

काकूंनी मैदानाच्या कोपऱ्यात, आमच्या भिंतीला लागून गाडी लावली. घट बसवण्याच्या आदल्या दिवशी बाबांना म्हणाल्या, "भिया, गाडीत माणूस चढला की ती स्प्रिंगवर डोलते. घट डोलायला नको." मग बाबांनी जॅक लावून गाडी उचलली आणि तिच्या चासीखाली चारी बाजूंनी जाड लाकडी ठोकळे बसवले. चाकं जमिनीपासून बोटभर वर लोंबत राहिली. काकूंनी पातेल्यातलं पाणी पाहिलं, स्वतः गाडीत दोन-चार उड्या मारून पाहिल्या. पाणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी पाटावर पत्रावळ मांडून तिच्यावर माती पसरली, तिच्यात धान्य पेरलं, वर घट ठेवला आणि शेजारी अखंड दिवा लावला. बसलेला घट उठेपर्यंत जागचा हलवत नाहीत. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

पहिले दिवस छान गेले. पंचमीला समाजाचे सचिव आले.

"काकू, एक छोटीशी रिक्वेस्ट होती. सप्तमीला आपला गरबा आहे ना, भोपाळहून बडे पाहुणे येतायत. त्यांच्या गाड्या लागतील इथे. तुम्ही गाडी जरा बाहेर रोडवर घेऊन टाका."

"घट बसलाय, भिया."

"हो, पण गाडी आहे ना ती. गाडीला कसला आलाय घट?"

"गाडीला नाही. घरात बसलाय."

सचिव हसले. "ते सगळं ठीक आहे हो. पण बघा, असे दोरीवर कपडे वाळतायत, बाहेर भांडी घासताय... पाहुण्यांना काय वाटेल? आपण काय गाडिया लोहार आहोत का?"

गाडिया लोहार म्हणजे बैलगाडीतच संसार मांडून गावोगाव फिरणारे. काकू घासत होत्या ती कढई त्यांनी खाली ठेवली. "गाडिया लोहारांचा डेरा आम्ही शेजारून पाहिलाय. त्यांची भांडी माझ्यापेक्षा लख्ख असतात. त्यांच्यासारखे म्हणालात, बरं वाटलं. आणि त्यांनी मला कधी उठ म्हटलं नाही."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी काकूंशी न बोलता काकांना गाठलं, आणि काकांना शास्त्र सांगितलं. "हे पाहा, घट त्याच्या पाटावर आहे. पाट गाडीत आहे. तुम्ही गाडी अलगद बाहेर नेली तर घट पाटावरून हलतो का? नाही. मग दोष कसला?"

काका विचारात पडले. "शास्त्रार्थाने पाहता, आपण म्हणता त्यात काही अंशी..."

"मग असं करा," काकू आतून म्हणाल्या. "तुमच्या घरचा घट पाटासकट उचला आणि गल्लीतून एक फेरी मारून आणा. तुमचाही पाटावरून हलणार नाही."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. मीही बोलले. मी म्हटलं, "तुम्हीच तर या म्हणाला होतात, मी ऐकलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सीटवाल्याची ना? कॉलेजात जातेस म्हणून मोठ्यांच्या मधे बोलायचं असतं का?" आणि जाता जाता काकांना सांगितलं, उद्या दुपारी क्रेन येईल.

क्रेन. एका म्हाताऱ्या जोडप्याचा घट उचलायला, देवीच्या गावात, देवीच्या नवरात्रात, देवीच्या गरब्यासाठी! तेव्हा मला भयंकर राग आला. आता लिहितानाही येतो आहे.

सप्तमीला सकाळी काकू आमच्या दुकानात आल्या. "भिया, मोठा पाना द्या." बाबांनी विचारलं, कशाला? "अध्यक्ष म्हणतात ही गाडी आहे. त्यांची अडचण दूर करते."

गाडी ठोकळ्यांवर होतीच. बाबांनी चाक धरायचं, काकूंनी नट सोडवायचे. काका आत दिव्यासमोर बसले आणि एकेक नट सुटताना ज्योत पाहून सांगत राहिले, "हं, चालू द्या... थांबा! थांबा जरा... हं, स्थिर आहे, चालू द्या." शिटी गळ्यात होती, पण देवासमोर वाजवायची कशी म्हणून तोंडानेच सांगत होते. काकू घामाघूम झाल्या, पण मधेच हसत होत्या. सगळी चाकं निघाली. आम्ही ती ढकलत भिंतीपलीकडे दुकानात नेली. मग काकूंनी ठोकळ्यांना गेरू लावला, त्यावर चुन्याची बोटं ओढली, जशी घराच्या जोत्याला ओढतात तशी, आणि दाराला आंब्याचा डहाळा बांधला.

दुपारी क्रेन आली. सचिव पुढे होते. क्रेनवाल्याने गाडीला एक चक्कर मारली. "भिया, इसके चक्के कां गए?"

"गाडीला असतात चाकं," काकू म्हणाल्या. "हे घर आहे."

"अरे, ऐसे ही उठा लो," सचिव म्हणाले.

क्रेनवाल्याने दारातून आत डोकावलं. दिवा तेवत होता, घटावर माळा होत्या, मातीतून हिरवे कोंब वर आले होते. त्याने पायातल्या चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मागे वळून म्हणाला, "माताजी बिराजी हैं. म्हूँ तो नी उठऊँ, भिया. थाने उठानो है तो थें उठा लो." आणि निघून गेला.

एव्हाना टेकरीला जाणारे लोक फाटकात थांबून बघू लागले होते. चाकं नसलेल्या गाडीत देवी बसली आहे, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा मैदानात गर्दी गरब्याच्या मंडपापेक्षा आमच्या कोपऱ्यातच जास्त. पाहुण्यांनी विचारलं, उधर क्या है? ते तिकडे वळले म्हणून सगळे वळले. त्यांनी चपला काढल्या, दर्शन घेतलं, काकांच्या पाया पडले. "वाह, अध्यक्षजी! ऐसी श्रद्धा आजकल कहाँ मिलती है!"

आणि आमचे अध्यक्ष काय म्हणाले असतील? म्हणाले, "जी, हमीने इन्हें यहाँ जगह दी है. अपने ही समाज के हैं."

मी काकूंकडे पाहिलं. त्या दोरीवरचे कपडे काढून घडी घालत होत्या, आणि प्रत्येक घडी हाताने दाबून दाबून बसवत होत्या.

त्यानंतरचे दिवस मला सप्तमीपेक्षा वाईट गेले. अष्टमीला समाजाच्या बायका ओटी भरायला आल्या. ज्या सकाळी फिरताना नाकाला पदर लावून गाडीला वळसा घालायच्या, त्याच आल्या. "काकू, किती छान ठेवलंय हो घर!" गाडी आधीही तशीच होती. तीच भांडी, तेच देव, तीच बाई. फक्त चाकं गेली होती. कोणी चिवडा आणला, कोणी काकांच्या गुडघ्यांसाठी तेल आणलं. पुरुष येऊन काकांशी जुन्या दरबारच्या गोष्टी बोलत बसू लागले. काका खुलले. त्यांना कोणी इतकं ऐकून घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जाताना लोक म्हणत, "उद्या येतो हं," आणि काका म्हणत, "यावे, आम्ही इथेच आहोत."

'आम्ही इथेच आहोत' हे त्यांनी म्हटलं की काकूंचा हात थांबायचा.

नवमीला मी त्यांच्याबरोबर भांडी विसळत होते. म्हटलं, "काकू, आता तरी लोकांना कळलं."

"काय कळलं, भिया?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "पळता येत नाही असं झाल्यावर माणूस चांगला वाटतो, हे कळलं. चाकं होती तेव्हा आम्ही कोण होतो? चोर? भिकारी?" मग गाडीकडे पाठ करून म्हणाल्या, "ह्यांना आवडलंय इथे. वन्सं बोलल्या तेव्हापासून ह्यांच्या मनात भीती आहे, मला कळतं. ते राहू म्हणाले तर राहीन. पत्करायचं फक्त त्यांनीच असं थोडंच आहे? पण या लोकांच्या मेहेरबानीवर राहायचं..." त्यांनी कढई इतकी घासली की मला वाटलं तिला भोक पडेल.

दसऱ्याला दुपारी घट उठले. काकांनी कोंब खुडून आधी देवांना वाहिले, मग काकूंच्या अंबाड्यात खोवले, मग माझ्या वेणीत. चाकं दुकानातून आणून गाडीशेजारी मांडली होती, धुऊन, झेंडू वाहून. दसऱ्याला गाडीची पूजा करतात, मग काकू चाकांची का करणार नाहीत? पण लावली नव्हती. कोणी तो विषयच काढत नव्हतं.

संध्याकाळी सगळे सोनं द्यायला मैदानात जमले. अध्यक्ष काकांना आपट्याची पानं देऊन मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, आता कुठे हिंडता या वयात? चाकं राहू द्या तशीच. हा कोपरा तुमचा. नळ जोडून देतो, वर पत्रा टाकून देतो. दर नवरात्रात इथेच घट बसतील, समाजाचीही शोभा आहे. काय मंडळी?"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी काकूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू," काकू म्हणाल्या. "देव तुमचे, घट तुमचा. उत्तरही तुम्हीच द्या." त्यांनी हाताची घडी घातली. मला दिसत होतं, त्या काका काय म्हणतील त्याला खरंच तयार होत्या, आणि मला ते बघवत नव्हतं.

काकांनी हातातली पानं उलटून पाहिली. मग त्यांच्या त्या जुन्या, अदबीच्या मराठीत म्हणाले, "आपली कृपा आहे. एक शंका विचारतो, राग मानू नये. पुढील सालीही पाहुणे येतील. त्यांच्या गाड्यांस जागा लागेल. त्या समयी काय करावयाचे?"

अध्यक्ष हसले. "अहो, तुम्ही पण ना! तेव्हाचं तेव्हा पाहू."

काकांनी मान हलवली, एकदा, जणू एखादा हिशेब जुळला. आपट्याची पानं खिशात ठेवली. अध्यक्षांना वाकून नमस्कार केला. मग धोतराचा सोगा खोचला, चाकांच्या ओळीकडे चालत गेले आणि ज्या माणसाने जन्मात गाडीला हात लावला नव्हता, त्याने एक चाक उभं केलं. ते त्यांच्या अंगावर कललं. त्यांनी खांद्याने सावरलं आणि ढकलू लागले. टाळ्या वाजवणारे हात सगळे तिथेच होते, एकही पुढे आला नाही. बाबा धावले, तर काकूंनी त्यांना हाताने अडवलं. काका धापा टाकत, झेंडूची फुलं चिरडत, ते चाक गाडीपर्यंत घेऊन आले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पाना उचलला, चाकाकडे वाकून पाहिलं, आणि हसू आवरत म्हणाल्या, "अहो, ही स्टेपनी आहे. परत न्या, दुसरं आणा."